पळवलेलं वचन

एका गावात तबीथा नावाची एक मुलगी राहायची. देव कुणाला गोड गळा देतो, कुणाच्या हाताला चव देतो. तबीथाला त्याने लोकांना हसवायची हातोटी दिली होती. ती दारातून आत आली की बायका हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघायच्या. आता ही काहीतरी बोलणार आणि आपल्याला हसू आवरणार नाही, हे ठरलेलंच असायचं.

तिची थट्टा बहुतेक वेळा साधी, कुणाला न बोचणारी असायची. तिच्या वडिलांना रविवारी चर्चमध्ये उपदेश सुरू झाला की डुलकी लागायची. एकदा उपदेश संपवून पाळकसाहेब सूचना वाचत होते. गावातल्या कुणाची तरी म्हैस हरवली होती. म्हशीचं नाव ऐकून वडील दचकून जागे झाले आणि मोठ्याने 'आमेन' म्हणाले. तबीथाने घरी आल्यावर ते असं काही करून दाखवलं की आईच्या हातून लाटणं पडलं. वडीलही डोळे पुसत हसले. पुढे कितीतरी दिवस ते गिरणीत आणि बाजारात ही गोष्ट स्वतःच सांगत फिरत होते, आणि सांगताना दर वेळी आपला 'आमेन' थोडा मोठा करत होते.

पण हसू ऐकायची चटक फार वाईट. एकदा लागली की माणूस बघत नाही, हे हसू कुठून येतंय आणि कुणाच्या जिवावर येतंय. तबीथालाही ती चटक लागत चालली होती, आणि तिचं तिला कळत नव्हतं.

त्या गावच्या ख्रिस्ती वस्तीत दर शुक्रवारी संध्याकाळी बायामुलींची प्रार्थना भरायची. दर खेपेला वेगळ्या घरी. आधी गाणी, मग प्रार्थना, मग वचनांची फेरी आणि शेवटी चहा. फेरीत प्रत्येकीने उभं राहून शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन तोंडपाठ म्हणायचं. मुली आळस करून शेजारणीचंच वचन म्हणून मोकळ्या व्हायच्या. म्हणून पाळकीणबाईंनी एक नियम घातला होता. एकीने म्हटलेलं वचन त्या दिवशी दुसरीने म्हणायचं नाही.

या प्रार्थनेला सगुणामावशी न चुकता यायची. ती वस्तीच्या टोकाला चिंचेच्या झाडाजवळ एकटी राहायची आणि हंगामात लोकांच्या चिंचा फोडून द्यायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती दारापाशी, चपलांच्या कडेला बसायची, त्यामुळे फेरी तिच्यापाशी सगळ्यांत शेवटी यायची. आणि दर शुक्रवारी ती एकच वचन म्हणायची. ते शास्त्रातलं सगळ्यांत लहान वचन होतं, दोनच शब्दांचं. प्रभू येशू आपल्या मित्राच्या कबरेपाशी रडला, एवढंच सांगणारं. मावशी उठायची, डोक्यावरचा पदर नीट करायची, डोळे मिटायची, ते दोन शब्द म्हणायची आणि खाली बसायची. लगेच आतून चहा यायचा.

तबीथाने त्याला 'चहाचं वचन' असं नाव ठेवलं होतं. मावशी उठली की मुली एकमेकींना कोपर मारायच्या आणि तोंडावर हात धरायच्या. मावशीचे डोळे मिटलेले असायचे, त्यामुळे तिला ते दिसायचं नाही.

एका शुक्रवारी प्रार्थना तबीथाच्याच घरी होती. घर गच्च भरलं होतं. फेरी तबीथापाशी आली. तिला कितीतरी वचनं पाठ होती, रविवारच्या शाळेत तिला त्यासाठी बक्षिसंही मिळाली होती. पण त्या दिवशी तिला भलतंच सुचलं. ती उठली. तिने ओढणी डोक्यावर घेतली, मावशीसारखी हळूच सारखी केली. मावशीसारखे डोळे मिटले. आणि मावशीचे ते दोन शब्द म्हणून, गुडघ्यावर हात टेकत, मावशीसारखीच खाली बसली.

घरात हशा उसळला. मुलींची तर हसून मुरकुंडी वळली. पाळकीणबाईंनी गाण्यांची वही तोंडापुढे धरली, पण त्यांचे खांदे हलत होते. फेरी पुढे सरकत सरकत दारापाशी पोचली. सगुणामावशी सवयीने उठली, पदर नीट केला, डोळे मिटले, आणि तशीच थांबली.

"माझं तर म्हनून झालं गं," ती म्हणाली.

"मग दुसरं म्हण की, मावशी," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

मावशीने डोळे उघडले. सगळ्या हसत होत्या, म्हणून तीही हसली. "दुसरं न्हाई येत मला," असं म्हणून ती खाली बसली.

मग चहा आला. त्या दिवशी तबीथा फार खुशीत होती. सगळ्या गेल्यावर ती गुणगुणत कप गोळा करायला लागली. उंबऱ्यापाशी मावशीचा कप होता. तो भरलेलाच होता आणि चहावर साय धरली होती. गडबडीत असेल, असं म्हणून तबीथाने तो मोरीत ओतला. पण तिचं गुणगुणणं थांबलं.

पुढच्या शुक्रवारी मावशी आली नाही. वचनांची फेरी संपली, तरी कुणी हलेना. आतल्या खोलीत त्या घरची बाई चहा गाळून कानोसा घेत उभी होती. मावशीचे दोन शब्द ऐकू आल्याशिवाय कप भरायचे नाहीत, अशी तिला इतक्या वर्षांची सवय. शेवटी कुणीतरी आत जाऊन सांगितलं, तेव्हा चहा आला. "बरं नसेल मावशीला," बायका म्हणाल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही ती आली नाही. रविवारी चर्चमध्ये मात्र दिसली. मागच्या भिंतीला टेकून बसली होती, आणि शेवटचं गाणं सुरू असतानाच उठून गेली.

त्या रविवारी जेवताना तबीथा आईला म्हणाली, "आई, ती हसली होती गं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"हसली होती," आई म्हणाली. "सगळ्यांच्या देखत दुसरं काय करणार होती?"

आईने तिच्या ताटात भाजी वाढली आणि स्वतःचं ताट मात्र तसंच बाजूला ठेवलं.

"तुला मी काय बोलू, तबी? मीही हसले. माझ्याच घरी, माझ्या पाहुणीला. तुझं एखादं वचन कुणी आधी म्हटलं तर तू दुसरं म्हणशील, तुझं काही अडायचं नाही. ती गंमत झाली. सगुणाकडे एकच होतं."

त्या दिवसापासून तबीथाच्या तोंडून थट्टेचा शब्द निघेना. शाळेत मैत्रिणींनी खोदून खोदून विचारलं, तरी ती नुसती मान हलवायची. वडिलांनी मुद्दाम तिच्यासमोर म्हशीचा विषय काढला, तरी ती हसली नाही. एकच विचार तिला छळत होता. मावशी परत येईल का? आली नाही, तर ती आपल्यामुळे आली नाही, हे आपल्याला जन्मभर माहीत असणार.

तिसरा शुक्रवारही मावशीशिवाय गेला, तेव्हा शनिवारी दुपारी ती धीर करून मावशीच्या घरी गेली. मावशी अंगणात चिंचा फोडत बसली होती. एका बाजूला टरफलं, एका बाजूला चिंचोके, मध्ये गर. तबीथा समोर बसली आणि चिंचोके काढू लागली. बोटं चिकट झाली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मावशी, मी तुला एक नवं वचन शिकवू? छान आहे. मग तुझं कुणी आधी म्हटलं तरी तुझ्याकडे दुसरं असेल."

मावशीने नाही म्हटलं नाही. तबीथा पुढे म्हणायची, मावशी मागून म्हणायची. पण अर्ध्यावर आलं की मावशीचा पुढचा शब्द हरवायचा. तीन-चारदा तसं झाल्यावर ती हसली.

"ऱ्हाऊ दे गं. मला माझंच पुरतं."

"पण ते केवढंसं आहे, मावशी."

मावशीने हातातली चिंच खाली ठेवली. "माझी हन्ना गेली, तवा तू जन्मलीबी नव्हतीस. लहान व्हती. तापात गेली. लई मानसं आली घरी. समदी म्हनली, रडू नको, ती देवाघरी गेली, इस्वास ठेव. खरंच बोलत व्हती ती. पर माझं रडू थांबंना. मला वाटाया लागलं, माझाच इस्वास कमी पडला. मग एका रविवारी हे वचन कानावर पडलं. त्येलाबी रडू आलं व्हतं. मानसांच्या देखत. मी घरी आले आन् पोटभर रडले. तवापासनं त्येवढं एक माझं."

तबीथाचे डोळे भरून आले. ज्या दोन शब्दांना तिने चहाचं नाव दिलं होतं, त्यांच्यावर ही बाई इतकी वर्षं जगली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"तुलाच काय, कुनालाच न्हाई. मी रागावले न्हाई तुझ्यावर."

"मग तू येत का नाहीस?"

मावशीने खाली ठेवलेली चिंच पुन्हा हातात घेतली. मग ती म्हणाली, "आता मी उभी ऱ्हायले की पोरी हसनार. मी तोंड उघडायच्या आधीच. त्या हसन्यात त्येचं रडनं कशाला मिसळू?"

"मला क्षमा कर, मावशी."

"केली," मावशी म्हणाली. तिने चिंचेच्या गराचा छोटा गोळा केला, मिठात बुडवला आणि तबीथाच्या हातावर ठेवला.

तबीथा चिंच चोखत घरी निघाली, पण तिचं मन हलकं झालं नव्हतं. मावशीने क्षमा केली होती, ती अंगणात, दोघींच्या मध्ये. हसू मात्र भरल्या घरात झालं होतं. ते अजून सगळ्यांच्या तोंडात बसून होतं, आणि तिथून ते काढायचं तर तिथेच जाऊन उभं राहावं लागणार होतं. आजवर ती लोकांसमोर उभी राहिली होती ती त्यांना हसवायला. न हसवता कसं उभं राहायचं, हे तिला माहीतच नव्हतं.

पुढची प्रार्थना पाळकीणबाईंच्या घरी होती. तबीथा आधी मावशीच्या घरी गेली.

"मी येत न्हाई गं," मावशी म्हणाली.

"तू नुसती दारात उभी राहा. मी काय बोलते ते ऐक. मग वाटलं तर घरी जा."

मावशीने हात धुतले, पदर घेतला आणि तिच्याबरोबर निघाली. पाळकीणबाईंचं घर आलं तसा मावशीने तबीथाचा हात घट्ट धरला, आणि तेव्हा तबीथाला कळलं की तिलाही भीती वाटते आहे.

गाणी झाली, प्रार्थना झाली. फेरी सुरू व्हायच्या आधी तबीथा उठून उभी राहिली. ती उठली मात्र, मुलींच्या चेहऱ्यांवर हसू उमटलं. एकीने तर आधीच तोंडावर हात धरला.

"मी चोरी केली आहे," तबीथा म्हणाली.

सगळ्या खदखदून हसल्या. तबीथाचे कान तापले. तोंड उघडायच्या आधीच लोक हसतात म्हणजे काय, हे आज तिला कळलं. पळून जावंसं वाटलं. पण दारात मावशी उभी होती.

"हसू नका," ती म्हणाली. "मी आज थट्टा करत नाही. त्या दिवशी मी सगुणामावशीचं वचन पळवलं. तिला एकच येतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच पळवलं. तिच्या उभं राहण्याची नक्कल केली. 'चहाचं वचन' हे नावही मीच ठेवलं. तुम्ही हसलात तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता वाटत नाही. माझं चुकलं, मावशी."

हन्नाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. ते सांगायचं की नाही, हे मावशीने ठरवायचं होतं.

ज्या मुलीने तोंडावर हात धरला होता तिने तो खाली घेतला. पाळकीणबाई म्हणाल्या, "नियम मी घातला होता. तेव्हा तो बाजूला ठेवायला हवा होता, पण मीही हसत बसले. सगुणाबाई, मलाही क्षमा करा."

मावशीने दारात चप्पल काढली. पण ती चपलांच्या कडेला बसली नाही. बायकांमधून वाट काढत ती थेट पुढे गेली आणि पाळकीणबाईंच्या शेजारी, सतरंजीवर, जिथून फेरी सुरू व्हायची तिथे बसली.

"बाई, आजपासनं फेरी माझ्यापासनं सुरू करा," ती म्हणाली. "ह्या पोरीचा भरवसा न्हाई."

हसावं की नाही, कुणाला कळेना. सगळ्या मावशीकडे बघू लागल्या. मावशीचा चेहरा क्षणभर तसाच राहिला, मग तिलाच आवरेना आणि ती हसत सुटली. तिच्यामागोमाग सगळं घर हसलं. तबीथा रडता रडता हसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती.

हसू ओसरल्यावर मावशी उठली. तिने पदर नीट केला, डोळे मिटले आणि आपले दोन शब्द म्हटले. या वेळी कुणी कुणाला कोपर मारलं नाही. इतकी शांतता होती की बाहेर बांधलेल्या शेळीचं रवंथ करणं ऐकू येत होतं. त्या शांततेत काही जणींना आपापली माणसं आठवली, आणि एक-दोघींनी पदराने डोळे टिपले.

इतक्यात आतून कपांचा आवाज आला. पाळकीणबाईंची सून मागच्या खोलीत चहा करत होती. बाहेर काय चाललं आहे, ते तिला धड ऐकू आलं नव्हतं, पण मावशीचे दोन शब्द तिने बरोबर ओळखले. फेरी संपली असं समजून ती भरलेल्या कपांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"घ्या," सगुणामावशी म्हणाली. "चहाचंच वचन हाय ते."

मग जो हशा झाला, तो वस्तीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज मावशीचा होता. त्या शुक्रवारी आधी चहा झाला आणि मग वचनं. मावशीने आपला कप शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तबीथा तो रिकामा कप घ्यायला आली, तेव्हा मावशीने तिला जवळ ओढलं.

"तू गप नको बसू गं," ती हळूच म्हणाली. "माझ्या घरी हसवाया कुनी न्हाई. येत जा."

तबीथा जात राहिली. चिंचा फोडता फोडता ती मावशीला काय काय सांगायची, आणि मावशीचे हात हसण्याने थांबायचे. थट्टा करायची सवय तिने सोडली नाही. पण आता काही बोलण्याआधी ती एकदा त्या माणसाकडे बघून घ्यायची, की यालाही आपल्याबरोबर हसता येईल ना. कधी कधी ओठांवर आलेला शब्द ती गिळून टाकायची, आणि तो काय होता ते कुणाला कळायचंही नाही.

आणि सगुणामावशी? चिंचा घ्यायला कुणी नवं माणूस आलं की ती त्याला बसवून घ्यायची. "ही पोर बघा," तबीथाकडे बोट दाखवून ती म्हणायची, "हिनं एकदा माझं वचनच पळवलं व्हतं." मग ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची, आणि चहाचा ट्रे आला की आधी स्वतःच हसायची.

तात्पर्य: ज्याची थट्टा करतो, त्यालाही आपल्याबरोबर मनापासून हसता येईल, अशीच थट्टा करावी, आणि कधी कुणाचं मन दुखावलं, तर ज्यांच्यासमोर त्याला हसलो, त्यांच्यासमोरच त्याची क्षमा मागावी.